मटाराच्या दाण्याएवढं मलम

३ मार्च

रोज लिहायचं आहे. खाज दहापैकी किती, आग दहापैकी किती, झोप किती तास. डॉक्टरीणबाईंचा हुकूम. "मावशी, मनात ठेवू नका, कागदावर ठेवा." ही पोरगी लहानपणी खोकला नसताना खोकल्याच्या गोड गोळ्या मागायला माझ्या दुकानात यायची. आता कातडीची डॉक्टर झालीय आणि माझ्यावर हुकूम सोडते. गोळ्या फुकट द्यायला नको होत्या.

डायरी औषध कंपनीने दिलेली आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी एका मलमाची जाहिरात, आणि जन्मात कधी घाम न आलेली एक बाई हसते आहे. मी तिच्या डोक्यावर लिहिते आहे.

झालं ते असं. डोळे चुरचुरतात म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतला दाब मोजला. उजव्यात एकोणतीस, डाव्यात सत्तावीस. एकवीसच्या आत हवा.

"पापण्यांना काही लावता का?"

"काही नाही. थोडंसं मलम."

"किती दिवस?"

"अकरा वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही करता काय?"

"औषधांचं दुकान आहे माझं."

मी त्यांच्या जागी असते तर पोट धरून हसले असते. ते हसले नाहीत. त्यांनी डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले आणि मला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

ते मलम म्हणजे लाल पट्ट्याची ट्यूब. आत तीन औषधं आहेत. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि एक स्टेरॉइड. आघाडीचं सरकार म्हणतात त्यातली गत: नावं तिघांची, कारभार एकट्या स्टेरॉइडचा. कशालाही लावा, दोन दिवसांत लाली जाते, खाज जाते, माणूस खूश. माझ्या नाकाच्या कडेला खवले धरायचे, तिथून सुरुवात झाली. मग भुवया, मग पापण्या. रोज सकाळी मटाराच्या दाण्याएवढं. एवढ्याशानं काय होतंय?

"आजपासून पूर्ण बंद," ती म्हणाली. "कातडी कागदासारखी पातळ झालीय. आणि डोळ्यांची नस त्या दाबाखाली आहे. नस गेली की गेली, तिला परत आणणारं औषध तुमच्याही दुकानात नाही. तीन महिने लागतील. पहिला महिना मावशी, फार वाईट जाणार आहे. चेहरा ते मलम मागणार. भांडून मागणार."

बदल्यात दिलं काय? सूज उतरवणारी एक कॅप्सूल, रोज जेवणानंतर. स्टेरॉइड नसलेलं दुसरं मलम, टॅक्रोलिमस, जे सुरुवातीला चरचरतं. आणि साधी पेट्रोलियम जेली, जिला आम्ही दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर ठेवतो.

संध्याकाळी दुकानात बालवर्गाच्या बाई आल्या. दर पंधरा दिवसांनी येतात. आमच्याकडे चिठ्ठी कोणी आणत नाही, रिकामी ट्यूब आणतात. पिळून चपटी केलेली, शेपटाकडून गुंडाळलेली. ती दाखवायची, नवी न्यायची. त्यांनी दाखवली, मी दिली. त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्या फक्त गालांना लावतात.

खाज २. आग १. मला वाटतं पोरीनं उगाच घाबरवलं.

६ मार्च

खाज ६. आग ६. शब्द मागे घेते.

गाल तापलेल्या तव्यासारखे. आमचे मास्तर शाळेत चित्रकला शिकवतात, त्यामुळे नवऱ्याकडून इतर बायकांना जी सहानुभूती मिळते ती मला रंगांच्या नावानं मिळते. काल गेरू होता. आज चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "अगं, आज शेंदरी झालंय. पण हनुवटीपाशी थोडा जांभळा मिसळलाय."

म्हटलं, "अहो, चौकटीत बसवून भिंतीला टांगा."

"टांगलं असतं," म्हणाले. "पण मॉडेल हलतं फार."

मग स्वयंपाकघरात जाऊन थंड पाण्यात रुमाल बुडवून घेऊन आले आणि माझ्या गालांवर ठेवून वर्तमानपत्र वाचत बसले. एका हातानं रुमाल धरून, दुसऱ्या हातानं पान उलटत. एवढी कसरत त्यांनी लग्नातसुद्धा केली नव्हती.

१० मार्च

खाज ८. आग ८. झोप तीन तास, तीही हप्त्याहप्त्यानं.

चेहरा सुजला. पापण्या अशा की आरशातली बाई मला ओळखेना. साल निघतेय, खाली ओल आहे. टॅक्रोलिमस लावलं की डोळ्यांपुढे मिरची. दहा मिनिटं घरात येरझाऱ्या घालते आणि डॉक्टरीणबाईंच्या बालपणाचा उद्धार करते.

तरी दुकान उघडलं. घरी बसून चेहरा बरा होणार नाही, आणि दुकान बंद दिसलं की लोक आधी माझं मरण गृहीत धरतात, मग समोरच्या दुकानात जातात. मास्क लावला. मास्कवर जेवढं दिसतं तेवढं लोकांना पुरतं.

"ताई, चेहऱ्याला काय झालं?"

"औषध बंद केलं."

"मग चालू करा ना!"

इतकं सरळ आहे ते. गंमत म्हणजे त्यांचं खरं आहे. लाल पट्ट्याची ट्यूब उजव्या हाताच्या दुसऱ्या खणात आहे. माझ्या स्टुलापासून हात लांब केला तर उठावंही लागत नाही. दारुड्यानं दारू सोडावी आणि नोकरी गुत्त्यात करावी, तसं चाललंय माझं. तो निदान गुत्त्याचा मालक नसतो.

१२ मार्च

काकांचं वय झालं आता. काका म्हणजे आमच्या दुकानातले कंपाउंडर. सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. मी या घरात आले तेव्हापासून मला सूनबाई म्हणतात, आणि मला पन्नास पूर्ण झाली तरी म्हणतात. हल्ली त्यांच्या हातून गोष्टी हरवायला लागल्यात. मागच्या खोलीतला आरसा आज जागेवर नव्हता.

"काका, आरसा कुठाय?"

"खिळा सैल झाला होता, सूनबाई. काढून ठेवलाय."

"कुठे?"

"ठेवलाय कुठेतरी."

खिळा बघितला. भिंतीत पहारीसारखा घट्ट. नजरही गेली वाटतं त्यांची.

दुसऱ्या खणात ट्यूबा कमी दिसल्या. परवा गच्च भरला होता. म्हटलं, एवढ्या खपल्या? काका म्हणाले, "येतात लोक." मी दिवसभर गल्ल्यावर बसते, मला तर कोणी दिसलं नाही. बिलंही करत नसावेत. एकदा बसवून नीट बोलायला हवं, त्यांना वाईट न वाटेल असं.

१५ मार्च

खाज ९. बस.

१७ मार्च

खाज ९. आग ७. झोप दोन तास.

बालवर्गाच्या बाई आल्या. पंधरा दिवस झाले वाटतं. मी मागच्या खोलीत होते. म्हणजे त्या पायरीवर दिसल्या आणि मला मागच्या खोलीत काम असल्याचं आठवलं. आतून ऐकू आलं. काका म्हणाले, "संपल्यात." त्या म्हणाल्या, "असं कसं, काका? मला उद्या शाळेत जायचंय." काका म्हणाले, "मागवल्यात." मग पावलं समोरच्या दुकानाच्या दिशेनं गेली.

मी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या नावाप्रमाणे लावल्या. त्या आधीच नावाप्रमाणे लावलेल्या होत्या.

रात्री जेवताना मास्तर म्हणाले, त्याच शाळेत आहेत ना, "त्या बालवर्गाच्या बाई हल्ली बाहेर खेळाच्या तासाला येत नाहीत. व्हरांड्यात उभ्या राहतात स्कार्फ गुंडाळून. उन्हाची ॲलर्जी म्हणतात. त्यांच्या वर्गातलं एक पोर मला विचारत होतं, सर, आमच्या बाई रोज रागावलेल्या का असतात? मी म्हटलं, नाही रे, त्या कुठे रागावतात. तर म्हणतो, मग गाल लाल का?"

मास्तरांना ही गंमत वाटली. मी वाढायला उठले. उन्हाची ॲलर्जी हल्ली फार लोकांना होते.

२० मार्च

सगळं लिहिणार आहे. लिहायचं नसतं तर डायरी कशाला.

आज सकाळी पापणी उघडेना. ओल वाळून चिकटली होती. कोमट पाण्यानं सोडवली. तेव्हा ठरवलं की बास झालं. एकदाच लावायचं. मटाराच्या दाण्याएवढं. डोळ्याचा दाब एका दाण्यानं वाढत नाही, आणि मला उद्या माणसासारखं दिसायला मिळेल. डॉक्टरीणबाईला कोण सांगणार आहे?

दुकानात गेले. दुसरा खण रिकामा. तिसरा रिकामा. माळ्यावरचं खोकं उतरवलं, त्यात सुती पट्ट्या. काका काउंटर पुसत होते. पुसलेलंच पुसत होते.

"काका, लाल पट्ट्याची एक ट्यूब द्या."

"संपल्या."

"खोकंच्या खोकं संपलं?"

"उठाव आहे मालाला," ते म्हणाले आणि फडकं पिळायला गेले. फडकं कोरडं होतं.

समोरच्या दुकानात जाणं म्हणजे आपलं नाक स्वतः कापून त्यांच्या हातात देणं. म्हणून मास्क लावला, वर गॉगल, डोक्यावर ओढणी, आणि बसनं सात थांबे गेले. तिथे मला कोणी ओळखत नाही. मीही मला ओळखलं नसतं.

लहानसं दुकान. काउंटरमागे माझ्याच वयाची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, स्टुलावर. तिनं नावही विचारलं नाही. म्हटलं, लाल पट्ट्याची ट्यूब. तिनं न बघता उजवा हात लांब केला. उजव्या हाताचा दुसरा खण.

"कुठे लावायची?"

"चेहऱ्याला."

मी मास्क खाली केला. खरं सांगते, मला वाटत होतं की ती दचकेल. नको म्हणेल. आधी डॉक्टरला दाखवा म्हणेल. मी त्या एका शब्दाची वाट बघत उभी होते आणि मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. बघून झालं. म्हणाली, "काही नाही होत. मटाराच्या दाण्याएवढी लावा, दोन दिवसांत बरं वाटेल. सगळे नेतात."

माझे शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तोच सूर, शेवटी तेच हलकंसं हसू, आणि बोलता बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली नजर. बावीस वर्षं मी हे वाक्य काउंटरच्या आतल्या बाजूनं म्हणत आले. बाहेरच्या बाजूनं ते कसं ऐकू येतं हे मला आज सातव्या थांब्यावर समजलं. फार बरं वाटतं ऐकून. तेच तर वाईट आहे.

परतीच्या बसथांब्यावर बसून मी टोपण उघडलं. बोटावर दाणा काढला. शेजारी एक आजोबा बसले होते. म्हणाले, "चांगलं असतं हो ते मलम. आमच्या हिनं दिलं होतं मला, गुडघ्याला लावायला." मी ते बोट बाकाच्या पट्टीला पुसलं. तो बाक आता वर्षभर तुकतुकीत राहील.

खाज १०.

२१ मार्च

ट्यूब कात्रीनं उभी कापून कचऱ्यात टाकली. कचऱ्यातून काढता येते हे मला पुरतं माहीत आहे, म्हणून वर चहाचा चोथा ओतला.

त्याआधी खोक्यातला घडीचा कागद वाचला. मास्तरांचं भिंग घेऊन. डोळ्याभोवती लावू नये. चेहऱ्यावर लावू नये. दोन आठवड्यांहून जास्त वापरू नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. सगळं लिहिलेलं आहे. मला काही नवं कळलं असं मी म्हणणार नाही. हे मला परीक्षेला होतं, आणि चांगले गुण होते. माहीत असणं आणि आठवणं यांच्यामध्ये एक काउंटर असतो, त्यावर पलीकडून रिकामी ट्यूब ठेवली जाते.

डॉक्टरीणबाईंना फोन करून कालचं सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावेल. म्हणाली, "लावलं नाहीत ना? मग मावशी, तुम्ही जिंकलात." मी म्हटलं, "बाकानं लावलं." तिला कळलं नाही. खाजेसाठी एक गोळी वाढवून दिली.

२४ मार्च

खाज ७. झोप चार तास. तीन आठवडे झाले.

सकाळी काकांना समोर बसवलं. "काका, आजपासून लाल पट्ट्याची ट्यूब चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. कोणालाही नाही. रिकामी ट्यूब म्हणजे चिठ्ठी नव्हे. लोक समोर गेले तर जाऊ देत."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "नक्की, सूनबाई?"

"नक्की."

"तुम्हालाही नाही?"

"मला तर आधी नाही."

ते उठून घरी गेले आणि तासाभरानं मोठी पिशवी घेऊन आले. पिशवीत ट्यूबा. खणातल्या सगळ्या, माळ्यावरच्या खोक्यातल्या सगळ्या. मधोमध मागच्या खोलीतला आरसा, टॉवेलात गुंडाळलेला.

"हे तुमच्या घरी काय करतंय?" मी विचारलं.

"चुकून गेलं," काका म्हणाले.

चुकून! चुकून माणूस छत्री घरी नेतो. हा गृहस्थ आरसा घेऊन गेला. मास्तरांना सांगितलं तर ते उगाचच बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. काकांना एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवायचं माझ्या मनात आहे. विसराळूपणावर हल्ली औषधं निघालीत. पण कामाला माणूस सोन्यासारखा, त्यामुळे सोडणार नाही.

आरसा परत लावला. खिळा घट्टच होता.

२९ मार्च

खाज ५. उजव्या गालावर बोटाएवढ्या जागेत कातडी दिसली. माझी स्वतःची. मधे बऱ्याच वर्षांत भेट झाली नव्हती.

गिऱ्हाइकं वैतागलीत. एकानं काउंटरवर हात आपटला. "ताई, इतकी वर्षं देत होतात, आता काय कायदा आला का?"

"कायदा पहिल्यापासून होता. मी आत्ता आले."

"मग समोरून घेतो."

"घ्या. पण चेहऱ्याला लावू नका."

"मी पायाला लावतो!"

"मग पाय दाखवा डॉक्टरला."

तो गेला. काका म्हणाले, "सूनबाई, सासरे असते तर..." आणि थांबले. चांगलं म्हणणार होते की वाईट, ते विचारलं नाही.

बालवर्गाच्या बाई आल्या नाहीत. समोरच्या दुकानात जाताना दोनदा दिसल्या. मला हाक मारता आली असती. एकदा माझ्या तोंडात घास होता. दुसऱ्यांदा नव्हता.

३० मार्च

चार वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा काय होतं? गालावर एक पुटकुळी. एक. त्यांच्या भावाचं लग्न होतं आठवड्यात. त्यांनी विचारलं होतं, डॉक्टरकडे जाऊ का? हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. मी म्हटलं, डॉक्टर कशाला, मी आहे ना.

याला दहापैकी किती द्यायचे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नाही.

२ एप्रिल

शाळा सुटायच्या वेळी शाळेसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. मास्क न लावता. ठरवलं होतं की लपून काही सांगायचं नाही, नाहीतर मी पुन्हा मागच्या खोलीत शिरेन.

त्या आल्या. स्कार्फमधून फक्त डोळे. माझा चेहरा बघून थबकल्या.

"अगंबाई! ताई, काय झालं हो तुम्हाला?"

"जे तुम्हाला झालंय तेच. माझं बाहेर आलंय, तुमचं अजून आत आहे."

"मला उन्हाची ॲलर्जी आहे."

"ऊन लहानपणापासून आहे. ॲलर्जी चार वर्षांपूर्वी आली. त्या ट्यूबबरोबर."

मग सगळं सांगितलं. स्टेरॉइड काय करतं, कातडी कशी पातळ होते, एक दिवस चुकला तर चेहरा का पेटतो, माझ्या डोळ्यांत किती दाब निघाला. शेवटी म्हटलं, "तुम्ही डॉक्टरकडे जाणार होतात. मी अडवलं. तेव्हा एक पुटकुळी होती."

मुलांच्या रांगा आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होत्या. एक पोर त्यांना टाटा करत होतं, त्यांनी हात हलवला, माझ्यावरची नजर न काढता.

"तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. चांगली ऐसपैस जागा होती.

"पहिल्यापासून."

"आणि दर पंधरा दिवसांनी मला हसून देत होतात."

"हो."

"तुमचा स्वतःचा चेहरा भाजला तेव्हा जाग आली. नाहीतर मी म्हातारी होईपर्यंत थापत बसले असते."

"हो."

"हो हो काय करता? काहीतरी बोला ना!"

"बोलण्यानंच तर झालंय सगळं," मी म्हटलं. "माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला. मग मला हव्या तितक्या शिव्या घाला. जाता येता."

"मला शिव्या येत नाहीत. मी बालवर्गाला शिकवते."

एवढं बोलून त्या रस्ता ओलांडून गेल्या. समोरच्या दुकानाकडे नाही. घराकडे. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभी राहिले.

४ एप्रिल

डोळ्यांचा दाब. उजव्यात एकवीस, डाव्यात एकोणीस. डॉक्टर म्हणाले, नस वाचली, थेंब चालू ठेवा आणि पुन्हा तिकडे फिरकू नका. मी म्हटलं, मी तिकडेच राहते, दुकान माझंच आहे. या खेपेला हसले.

मास्तर म्हणाले, "आज फिकट गुलाबी. मला आवडतो हा रंग." लग्नानंतर एकतीस वर्षांनी.

७ एप्रिल

काल संध्याकाळी बालवर्गाच्या बाईंचा फोन. "किती वाजता असते तुमची डॉक्टर?" एवढंच. ताई नाही, बाई नाही.

आज घेऊन गेले. रिक्षात त्या खिडकीबाहेर बघत होत्या, मी माझ्या बाजूनं. शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर रस्ता लवकर संपला असता.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून गाल तपासले. तांबड्या शिरांचं जाळं दाखवलं. कधीपासून, किती, रोज का, सगळं विचारलं. मग पेन कागदावर टेकवून म्हणाली, "हे तुम्हाला कोणी दिलं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "एका दुकानातून घेतलं."

"मी दिलं," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईनं तसंच लिहिलं. माझ्या समोर, माझ्या दुकानाच्या नावासकट. मला वाटलं होतं ती मावशी म्हणून सोडून देईल. तिनं सोडलं नाही ते बरं झालं. खोकल्याच्या गोळ्यांची परतफेड झाली नाही, हेही.

तेच सगळं त्यांना. कॅप्सूल, टॅक्रोलिमस, जेली, तीन महिने. डोळे तपासून घ्यायला सांगितलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही."

"मी माफी मागितलेली नाही."

"मागायला हवी होती."

मागितली. तिथेच, पायरीवर, लोक जिना उतरत होते त्यांच्यामधे. त्यांनी ऐकून घेतली. रिक्षाला त्यांनीच हात केला.

११ एप्रिल

माझी खाज ३. त्यांचा पाचवा दिवस. त्यांनी शाळेत रजा टाकली नाही. मास्तर सांगत होते, मुख्याध्यापक म्हणाले, पंधरा दिवस घरी बसा, पालक बघतात. तर म्हणाल्या, मुलं रोज बघतात, पालकांनाही सवय होईल.

मी आठव्या दिवशी मास्क लावून दुकान उघडलं म्हणून स्वतःला शूर समजत होते.

१६ एप्रिल

त्यांचा दहावा दिवस. सकाळी दुकान उघडलं आणि पाठोपाठ त्या आत. शाळेआधी. स्कार्फ सोडला. काका फळीवर बाटल्या लावत होते, त्यांनी वळून बघितलं आणि एक स्टूल उचलून त्यांच्यामागे ठेवलं.

चेहरा मला ओळखीचा होता. पापण्या, साल, ओल, सगळं जिथल्या तिथे. आवाज मात्र शाळेतला, तक्ता वाचून घेतात तसा.

"मला एक सांगा. उद्या याहून वाईट होणार का?"

मी बावीस वर्षं या काउंटरमागे उभी आहे. या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेला पाठ आहे, मला विचारावंही लागत नाही तिला. मी तोंड मिटून घेतलं, जीभ खाली बसेपर्यंत.

"हो," म्हटलं. "उद्या वाईट. परवा त्याहून. मग एक दिवस जरा बरा जाईल आणि तुम्हाला वाटेल संपलं. संपलेलं नसेल."

"आणखी किती?"

"मला असे दिवस आणखी दोन आठवडे होते. तुम्हाला जास्त लागतील, कमीही लागतील. मला माहीत नाही."

त्या स्टुलावर बसल्या. हात मांडीवर, मुलं बसतात तसे.

"निदान एकदा खोटं बोलायचं होतं," म्हणाल्या.

"तुमच्याशी चार वर्षं तेच केलं."

"हं." मग म्हणाल्या, "परवा तुम्ही म्हणता तेवढं वाईट झालं तर मी घरी एकटी बसणार नाही. समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहीन. मला माहीत आहे ना मी."

"मग इथे या."

"तुम्ही नऊला उघडता. मी सातपासून जागी असते."

"साडेसातला उघडेन."

"आणि बोलत बसायचं नाही. मी तुमच्याशी गप्पा मारायला येत नाहीये."

"नाही बोलणार."

त्या गेल्या. काका फळीकडे तोंड करून म्हणाले, "परवा मी सातलाच येतो, सूनबाई. तुम्हाला ते वरचं कुलूप निघत नाही."

ते कुलूप मी बावीस वर्षं उघडते आहे. पण म्हटलं, या.